विज्ञानातील प्रतिभाशोध : बजबजच्या विद्यार्थ्यापुढील वाटा

विज्ञानात गती असलेल्या विद्यार्थ्यांना शालेय वयातच हेरून त्यांच्या पुढील शिक्षणाला हातभार लावणाऱ्या दोन राष्ट्रीय योजनांची दारे गेल्या काही वर्षांत बंद झाली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेतर्फे, म्हणजेच एनसीईआरटीतर्फे, घेण्यात येणाऱ्या राष्ट्रीय प्रतिभाशोध परीक्षेच्या मान्यतेची मुदत ३१ मार्च २०२१ रोजी संपली आणि त्यानंतर ही योजना स्थगित करण्यात आली. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची अखेरची परीक्षा मे २०२२ मध्ये पार पडली. या दोन्हींहून वयाने मोठी असलेली एक योजना मात्र कोलकात्यात टिकून आहे. ‘जगदीस बोस नॅशनल सायन्स टॅलेंट सर्च’ हे तिचे नाव असून आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५८ मध्ये, तिची सुरुवात झाली.

राष्ट्रीय म्हणवणाऱ्या योजना थांबल्या आणि एका राज्यापुरती असलेली योजना चालू राहिली, ही बाब विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कोणत्या गावातील विद्यार्थ्यापुढे कोणती दारे उघडी आहेत, हे आता पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात तो कोणत्या राज्यात शिकतो यावर अवलंबून राहू लागले आहे. कोलकात्याच्या नैऋत्येला, हुगळी नदीच्या काठी वसलेल्या बजबजसारख्या औद्योगिक शहरातून पाहिले असता हे चित्र अधिक स्पष्ट होते.

गिरण्यांचे गाव, लोकलची वाट

बजबज हे दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील नगरपालिकेचे शहर. तागाच्या गिरण्या, खनिज तेलाची साठवण केंद्रे आणि जवळच पुजाली येथील ७५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र ही त्याची आर्थिक ओळख. देशाच्या इतिहासात हे नाव दोन प्रसंगांनी नोंदले गेले आहे. परदेशातून परतलेल्या स्वामी विवेकानंदांचे जहाज याच बंदराला लागले आणि १९ फेब्रुवारी १८९७ रोजी सकाळी ते येथून रेल्वेने सियालदहला गेले. पुढे सप्टेंबर १९१४ मध्ये, कॅनडातून माघारी पाठवण्यात आलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजावरील प्रवाशांवर येथेच गोळीबार झाला. आज रेल्वे स्थानकाच्या नावातही त्या जहाजाचा उल्लेख आहे.

शिक्षणाच्या सोयी गावात अगदीच नाहीत असे नाही. कोलकाता विद्यापीठाशी संलग्न असलेले बजबज महाविद्यालय १९७१ मध्ये स्थापन झाले, तर २००९ मध्ये येथे एक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. तरीही उच्च माध्यमिक परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची नजर साहजिकच कोलकात्याकडे असते. सियालदहची लोकल नंगी, आक्रा, संतोषपूर, माझेरहाट अशी स्थानके घेत बालीगंजला पोहोचते. बालीगंजच्या पूर्वेला कसबा आणि राजडांगा हा भाग आहे. जगदीस बोस प्रतिभाशोध संस्थेचे कार्यालय याच राजडांग्यात आहे. म्हणजे देशातील या जुन्या प्रतिभाशोध संस्थेचे दार बजबजच्या विद्यार्थ्याला एका लोकलच्या अंतरावर आहे. हे दार आहे याची माहिती त्याला वेळेवर मिळते का, हा प्रश्न वेगळा.

मुंबईच्या व्यापाऱ्याची कोलकात्याला देणगी

गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्याची कल्पना बंगालला नवी नाही, आणि तिच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. कापसाच्या व्यापारात प्रचंड संपत्ती मिळवलेले मुंबईचे प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कोलकाता विद्यापीठाला दोन लाख रुपयांची देणगी दिली. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवरही याच दात्याच्या पैशातून उभा राहिला. कोलकात्यातील देणगीतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि पुढील अनेक दशके ती त्या विद्यापीठातील सर्वोच्च मान समजली गेली. नंतर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सर आशुतोष मुखर्जी यांनी १८८६ मध्ये ती मिळवली होती.

त्याआधी चार वर्षे, १८८२ मध्ये, प्रफुल्लचंद्र राय यांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीची अखिल भारतीय स्पर्धा परीक्षा देऊन एडिंबरोला रसायनशास्त्र शिकण्याची संधी मिळवली. त्या वर्षी देशातून दोनच विद्यार्थी निवडले गेले. दुसरा विद्यार्थी मुंबईचा पारशी होता. ही शिष्यवृत्ती नसती तर बंगालमधील आधुनिक रसायनशास्त्राचा इतिहास कदाचित वेगळा लिहावा लागला असता.

एकोणिसाव्या शतकातील या शिष्यवृत्त्यांचे स्वरूप मात्र आजच्याहून निराळे होते. कठीण परीक्षा घ्यायची, पहिल्या एक-दोघांना निवडायचे आणि मोठी रक्कम द्यायची, अशी ती पद्धत. परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी आणि संशोधनाची वृत्ती असलेला विद्यार्थी हे एकच असतील, असे त्यात गृहीत धरलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर या गृहीतकाविषयी शंका घेतली जाऊ लागली. अमेरिकेत १९४२ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी विज्ञान प्रतिभाशोध स्पर्धा सुरू झाली होती आणि तिच्यात विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या संशोधन प्रकल्पाला महत्त्व होते. भारतात हा विचार मूळ धरू लागला तो पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस.

गुणपत्रिकेपलीकडची निवड

जगदीस बोस प्रतिभाशोधाची रचना याच विचारावर उभी आहे. या संस्थेच्या कामाला पश्चिम बंगाल सरकारचे पाठबळ आहे. तिच्या दोन प्रमुख शिष्यवृत्त्या आहेत. वरिष्ठ शिष्यवृत्ती ही उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते, तर कनिष्ठ शिष्यवृत्ती अकरावीच्या विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांसाठी असते. दोन्ही स्तरांवर केवळ मुलींसाठी ‘विज्ञानी कन्या मेधा वृत्ती’ या नावाने स्वतंत्र शिष्यवृत्ती देण्यात येते. बंगालीत ‘वृत्ती’ हा शब्द शिष्यवृत्ती याच अर्थाने वापरला जातो. त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही.

निवड टप्प्याटप्प्याने होते. प्रथम लेखी चाचणी घेतली जाते. तिच्यातून पुढे आलेल्या विद्यार्थ्यांची सर्जनशीलता चाचणी आणि मुलाखत होते. शालेय परीक्षेत उत्तर आधीच ठरलेले असते आणि विद्यार्थ्याने तेथपर्यंत पोहोचायचे असते. सर्जनशीलता चाचणीत समोर आलेल्या अपरिचित प्रश्नाकडे विद्यार्थी कसा पाहतो, कोणत्या मार्गाने विचार करतो आणि अडला तर काय करतो, याकडे लक्ष दिले जाते. शिकवणी वर्गांच्या तयारीचा येथे मर्यादित उपयोग होतो, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान म्हटले पाहिजे. महागड्या वर्गांना जाऊ न शकणाऱ्या गिरणी कामगाराच्या मुलाला निदान या टप्प्यावर इतरांच्या बरोबरीने उभे राहता येते. अर्थात, पहिल्या लेखी चाचणीतून पार पडल्याशिवाय हा टप्पा येत नाही आणि लेखी चाचणी म्हटली की तयारीचा फरक पुन्हा जाणवतो. कोणतीही निवडपद्धत या अडचणीतून पूर्णपणे सुटलेली नाही.

निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना मासिक विद्यावेतन आणि पुस्तकांसाठी अनुदान मिळते. त्याखेरीज शिबिरे, व्याख्याने, प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष काम आणि संशोधन संस्थांच्या भेटी यांचा कार्यक्रम त्यांच्यासाठी आखला जातो. कोलकात्यात अशा संस्थांची वाण नाही. खुद्द जगदीशचंद्र बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी, स्थापन केलेली बोस संस्था, जादवपूर येथील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, विधाननगरमधील साहा अणुभौतिकी संस्था आणि सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्र या सर्व शहराच्या परिसरातच आहेत. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कार्यरत शास्त्रज्ञाशी बोलता येणे, हा लाभ विद्यावेतनाच्या रकमेत मोजता येत नाही.

या योजनेचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की वरिष्ठ शिष्यवृत्तीसाठी मूलभूत विज्ञानाबरोबरच अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. हा मुद्दा वरवर तांत्रिक वाटला, तरी शिष्यवृत्ती धोरणातील एका जुन्या वादाशी त्याचा थेट संबंध आहे.

हेरलेला विद्यार्थी कुठे जावा?

एनसीईआरटीने १९६३ मध्ये ‘राष्ट्रीय विज्ञान प्रतिभाशोध’ योजना सुरू केली, तेव्हा ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या होत्या केवळ दहा. पुढच्याच वर्षी ती सर्व राज्यांना लागू करण्यात आली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. लेखी परीक्षेबरोबर प्रकल्प अहवाल आणि मुलाखत यांचाही निवडीत समावेश होता. त्या काळात या शिष्यवृत्तीला एक अट जोडलेली होती. ती घेणाऱ्याने मूलभूत विज्ञानाचेच शिक्षण घ्यावयाचे. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे वळल्यास शिष्यवृत्ती मिळत नसे. देशाला शास्त्रज्ञ हवे होते आणि सरकार त्यासाठीच पैसा खर्च करीत होते.

दहा अधिक दोन अधिक तीन हा शैक्षणिक आकृतिबंध आल्यानंतर १९७७ मध्ये योजनेचे रूप पालटले. नावातून ‘विज्ञान’ हा शब्द गेला, सामाजिक शास्त्रांचा समावेश झाला आणि अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणासाठीही शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली. २००० पर्यंत शिष्यवृत्त्यांची संख्या एक हजारावर गेली. अखेरच्या काळात अकरावी-बारावीसाठी दरमहा १,२५० रुपये आणि पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये अशी तिची रक्कम होती. ही रक्कम मोठी नव्हती, पण ‘प्रतिभाशोध’ उत्तीर्ण ही ओळख विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरत असे.

मूलभूत विज्ञानाची सोडलेली बाजू पुढे दुसऱ्या योजनेने सांभाळली. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना सुरू केली आणि तिचे संचालन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे सोपवले. अकरावी, बारावी आणि विज्ञान पदवीचे पहिले वर्ष अशा तीन गटांत परीक्षा घेतली जाई. पदवीच्या काळात दरमहा ५,००० रुपये आणि पदव्युत्तर काळात ७,००० रुपये विद्यावेतन मिळे, शिवाय वार्षिक आकस्मिक अनुदान वेगळे. २०२२ मध्ये ही योजना स्वतंत्रपणे चालवणे थांबवून ती ‘इन्स्पायर’ या योजनेत विलीन करण्यात आली.

या विलीनीकरणाचे समर्थन एकसूत्रीपणाच्या नावाने करण्यात आले. पण दोन्ही योजनांच्या निवडीचा पाया एक नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. किशोर वैज्ञानिक योजनेत स्वतंत्र अभिवृत्ती चाचणी होती. इन्स्पायरमध्ये बहुतांश विद्यार्थी बारावीच्या मंडळाच्या गुणांवर किंवा अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेश परीक्षांतील क्रमांकावर येतात. एखाद्या विद्यार्थ्याचे बारावीचे गुण काही कारणाने कमी पडले, पण त्याची विज्ञानाची समज उत्तम आहे, अशा विद्यार्थ्यासाठी जे दार होते ते आता राष्ट्रीय पातळीवर उरलेले नाही. पश्चिम बंगालमधील जगदीस बोस प्रतिभाशोधाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर वाढते. महाराष्ट्रातील पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्या धर्तीची, स्वतंत्र चाचणी घेऊन पदवीभर विद्यावेतन देणारी आणि इतकी जुनी राज्यस्तरीय व्यवस्था दिसत नाही, हेही येथे नोंदवावे लागेल.

इन्स्पायर : ऐंशी हजारांचा हिशेब

इन्स्पायर योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिच्यातील उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची वार्षिक रक्कम ८०,००० रुपये आहे आणि हा आकडा बहुतेक ठिकाणी याच रूपात सांगितला जातो. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग आहेत. दरमहा ५,००० याप्रमाणे वर्षाचे ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या हातात येतात. उरलेले २०,००० रुपये उन्हाळ्यातील संशोधन प्रकल्पासाठी असतात. हा प्रकल्प एखाद्या मार्गदर्शक शास्त्रज्ञाकडे किंवा प्राध्यापकाकडे करावा लागतो. घरखर्चाचा अंदाज बांधताना ऐंशी नव्हे तर साठ हजार धरणे योग्य.

देशभरात दरवर्षी अशा १२,००० पर्यंत शिष्यवृत्त्या देण्याची तरतूद आहे आणि पदवीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत ती जास्तीत जास्त पाच वर्षे मिळू शकते. पात्रतेचे मार्ग निरनिराळे आहेत. आपापल्या शिक्षण मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येणे, हा पहिला मार्ग. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांत पहिल्या दहा हजारांत येऊनही मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेणे, हा दुसरा. याशिवाय आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे पदकविजेते आणि जगदीस बोस प्रतिभाशोधातून निवडलेले विद्यार्थी यांचाही पात्रतेच्या नियमांत समावेश करण्यात आला आहे. राज्यातील योजनेतून केंद्राच्या योजनेत जाण्याची ही वाट आहे. मंडळाच्या एक टक्क्याच्या सीमेत थोडक्यात न बसलेल्या बजबजच्या विद्यार्थिनीला ती उपयोगी पडू शकते.

एक टक्क्याची ही सीमा प्रत्येक मंडळासाठी वेगळी असते. पश्चिम बंगालच्या उच्च माध्यमिक परिषदेची, महाराष्ट्राच्या राज्य मंडळाची आणि केंद्रीय मंडळाची किमान टक्केवारी एकच नसते. त्यामुळे दुसऱ्या मंडळाचा आकडा पाहून अर्ज न करण्याची चूक विद्यार्थ्यांनी टाळली पाहिजे.

इन्स्पायरची मुख्य अट मात्र जुन्या विज्ञान प्रतिभाशोधाची आठवण करून देणारी आहे. ही शिष्यवृत्ती केवळ मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानाच्या अभ्यासक्रमांना मिळते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेला प्रवेश घेतल्यास पात्रता राहत नाही. १९७७ मध्ये एनसीईआरटीने सोडलेली अट केंद्राच्याच दुसऱ्या खात्याने तीन दशकांनी पुन्हा आणली, असे म्हणता येईल.

गुण आणि गरज

येथपर्यंतच्या योजना गुणवत्तेवर आधारलेल्या आहेत. कुटुंबाच्या उत्पन्नाचा त्यांत विचार होत नाही. गुणवत्ता आणि गरज या दोन्हींचा मेळ घालणाऱ्या योजना वेगळ्या असून बजबजसारख्या गावात प्रत्यक्षात याच अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचतात.

पश्चिम बंगाल सरकारची ‘स्वामी विवेकानंद गुणवत्ता नि साधन’ शिष्यवृत्ती ही त्यांपैकी मोठी. ज्यांच्या नावाने ती आहे त्यांनी मायदेशी परतताना बंगालच्या भूमीवर पाऊल ठेवले ते बजबजलाच, हा योगायोग. राज्याचा अधिवास, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत आणि उच्च माध्यमिक परीक्षेत किमान ६० टक्के गुण या तिच्या मुख्य अटी आहेत. गुणांची ही अट पूर्वी ७५ टक्के होती. ती खाली आणल्यामुळे लाभार्थ्यांचे वर्तुळ विस्तारले. पदवीच्या पातळीवर कला आणि वाणिज्य शाखेला दरमहा १,०००, विज्ञान शाखेला १,५०० आणि अभियांत्रिकीला ५,००० रुपये असे तिचे दर आहेत.

हे दर इन्स्पायरच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. केंद्राची योजना विज्ञान पदवीला वर्षाला ६०,००० रुपये देते आणि अभियांत्रिकीला काहीच देत नाही. राज्याची योजना अभियांत्रिकीला वर्षाला तेवढेच ६०,००० रुपये देते आणि विज्ञान पदवीला १८,०००. राज्याचा तर्क उघड आहे: अभियांत्रिकीचे शुल्क जास्त, म्हणून साहाय्यही जास्त. केंद्राचा तर्कही चुकीचा नाही, कारण मूलभूत विज्ञानाकडे विद्यार्थी वळावेत असे त्याला वाटते. पण दोन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला दोन सरकारे दोन दिशांना ओढतात. त्यातही एक टक्क्यात बसण्याची खात्री कोणालाच नसते, साठ टक्क्यांची बहुतेकांना असते. ज्या मुलाला भौतिकशास्त्र आवडते पण ज्याच्या वडिलांना महिन्याचा हिशेब जुळवायचा आहे, त्याचा कल शेवटी कुठे झुकेल हे सांगण्यासाठी वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

केंद्र सरकारची महाविद्यालय व विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती या दोन टोकांच्या मध्ये बसते. दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतील निम्म्या मुलींसाठी, कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत आणि पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. शिष्यवृत्त्यांचे वाटप राज्यांच्या अठरा ते पंचवीस वयोगटातील लोकसंख्येनुसार होते आणि विज्ञान, वाणिज्य व कला शाखांत ते तीन, दोन व एक या प्रमाणात केले जाते. पात्रतेची अट शतमकात सांगितलेली असल्याने तिच्याविषयी बराच गैरसमज आढळतो. बारावीत ८० टक्के गुण हवेत, असा तिचा अर्थ नाही. आपल्या मंडळातील आपल्या शाखेच्या शंभर परीक्षार्थींना गुणानुक्रमे उभे केले, तर वरच्या वीस जणांत आपण असले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. मंडळाचा निकाल कडक लागला असेल, तर ८० टक्क्यांहून कमी गुणांचा विद्यार्थीही पात्र ठरू शकतो. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी दरवर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो आणि रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसल्यास ती अडकून पडते.

स्पर्धांचे जग आणि वयाची रेषा

शिष्यवृत्त्यांच्या जोडीने विज्ञान स्पर्धांचे स्वतंत्र जग आहे. त्याचे भारतातील केंद्र मुंबईत मानखुर्द येथे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र आणि गणित या विषयांच्या ऑलिंपियाडसाठी देशाची मध्यवर्ती संस्था म्हणून काम करते. भारताने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये प्रथम भाग घेतला तो १९८९ मध्ये. त्यानंतर १९९८ मध्ये भौतिकशास्त्र, १९९९ मध्ये रसायनशास्त्र आणि २००० मध्ये जीवशास्त्र असे संघ पाठवण्यात येऊ लागले. मुंबईने १९९६ मध्ये गणित, २००१ मध्ये रसायनशास्त्र, २००८ मध्ये जीवशास्त्र, २०१५ मध्ये भौतिकशास्त्र आणि २०२५ मध्ये खगोलशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे यजमानपद भूषवले.

विज्ञान विषयांची पहिली पायरी म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स या शिक्षकांच्या संघटनेतर्फे देशभर घेतली जाणारी राष्ट्रीय प्रमाण परीक्षा. तिच्यातून निवडलेले विद्यार्थी भारतीय राष्ट्रीय ऑलिंपियाडला बसतात, त्यांतील मोजके मानखुर्दच्या प्रशिक्षण शिबिराला येतात आणि शिबिरातून देशाचा संघ ठरतो. गणितात हा संघ सहा जणांचा, भौतिकशास्त्र व खगोलशास्त्रात पाच, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात चार जणांचा असतो. देशभरातील हजारो परीक्षार्थींतून पाच जण, हे प्रमाण पाहिले की पदकासाठी ही स्पर्धा द्यावी असे कोणी सुचवणार नाही. पहिल्या पायरीची प्रश्नपत्रिका सोडवताना विषय किती कळला आहे याचा जो अंदाज येतो, तो मात्र प्रत्येकाच्या पदरात पडतो.

येथे वयाची आणि इयत्तेची रेषा महत्त्वाची आहे. ऑलिंपियाड महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर थांबतात. विद्यापीठात नियमित शिक्षण सुरू झालेल्या विद्यार्थ्याला त्यांत भाग घेता येत नाही. बजबजच्या शाळेत ऑलिंपियाडचे नाव बारावीत प्रथमच कानावर आले, तर वेळ निघून गेलेली असते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पर्याय कमी असले तरी आहेत. भौतिकशास्त्र शिक्षकांचीच संघटना विज्ञान पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय पदवी भौतिकशास्त्र परीक्षा घेते. गणितात पुण्याच्या स. प. महाविद्यालयाने होमी भाभा केंद्राच्या सहकार्याने सुरू केलेली माधव गणित स्पर्धा आहे. चौदाव्या शतकातील केरळचे गणिती संगमग्रामचे माधव यांच्या नावाने असलेली ही स्पर्धा पुण्यात जन्मली आणि देशातील इतर भागांतही पसरली. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे तिला अर्थसाहाय्य आहे.

बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही पदवीच्या विद्यार्थ्यांना खुली असते. तिच्यात लेखी परीक्षा नसते. विद्यार्थ्याने काय करावयाचे आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते आणि प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडायचे असते. गुणांची शर्यत मागे पडलेल्या, पण एखाद्या प्रश्नाने झपाटलेल्या विद्यार्थ्याने तिच्याकडे अवश्य लक्ष द्यावे.

अर्ज करण्यापूर्वी

नोकरीनिमित्त बंगालमध्ये असलेल्या मराठी कुटुंबांनाही यांपैकी काही योजना खुल्या आहेत. जगदीस बोस प्रतिभाशोधासाठी विद्यार्थी पश्चिम बंगालमधील संस्थेत शिकत असणे आवश्यक असते. मातृभाषेचा प्रश्न येत नाही. स्वामी विवेकानंद शिष्यवृत्तीला मात्र राज्याचा अधिवास लागतो. इन्स्पायर आणि केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती यांचे निकष देशभर सारखे असून विद्यार्थी ज्या मंडळातून बारावी झाला, त्या मंडळाचीच सीमा त्याला लागू होते. लातूरला बारावी होऊन कोलकात्यात पदवीला गेलेल्या विद्यार्थ्याने महाराष्ट्र मंडळाची टक्केवारी पाहावी.

केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या घेताना त्याच शिक्षणासाठी दुसरी शिष्यवृत्ती चालू ठेवता येते की नाही, हे अर्जापूर्वी तपासणे आवश्यक आहे. एकाच वेळी दोन ठिकाणांहून रक्कम घेतल्याचे आढळल्यास परतफेड करावी लागू शकते. ज्याला दोन्हींची पात्रता आहे, त्याने रकमेबरोबर कालावधीचाही विचार करावा, कारण वर्षाला जास्त रक्कम देणारी योजना कधी कमी वर्षे चालते, तर लहान रकमेची योजना पदव्युत्तर शिक्षणापर्यंत साथ देते.

कनिष्ठ शिष्यवृत्तीचा अर्ज अकरावीतच करावा लागत असल्याने शाळेतील विज्ञान शिक्षकाची भूमिका येथे निर्णायक ठरते. पश्चिम बंगालमध्ये २०२४ पासून अकरावीला सत्र पद्धती लागू झाली असून २०२६ ची उच्च माध्यमिक परीक्षा त्याच पद्धतीने घेण्यात आली. सत्र परीक्षांच्या धावपळीत अशा अर्जांची मुदत नजरेआड होण्याची शक्यता अधिक आहे. वरिष्ठ शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचा पुरावा लागतो. त्यामुळे प्रवेश निश्चित होताच महाविद्यालयाकडून तशा आशयाचे पत्र घेऊन ठेवल्यास राजडांग्याची दुसरी खेप वाचते.